मातशें दाव्यान

चांदरहून केप्याला यायला टेम्पोला पाऊण तास लागला,
गॅरेजच्या दारातून आत यायला दोन.
चौघांनी उचललं. पाचवी मी,
नुसती "हळू, हळू" म्हणत.

पैसे मोजून झाल्यावर एस्पेरांसबाय बोलली होती,
"मातशें दाव्यान ओडटा तें. ताका खबर आशिल्लें."
त्याला, म्हणजे दामियांव मेस्ताला.
मला नव्हतं ठाऊक.

टेबलाच्या ओतीव लोखंडावर
खाऱ्या हवेने काढलेले तपकिरी नकाशे.
माडाचं विनागर ओतलं, वर जुनी साडी अंथरली,
रात्रभर घराला लोणच्याचा वास.
सकाळी काथ्याने घासलं, मग रॉकेल, मग मेण.
खालून राखाडी उजेड वर आला.

तीन फेजच्या मीटरसाठी वीज खात्यात पाच खेपा झाल्या.
खुशालीने मोटार जोडली, बटण दाबलं
आणि चकती उलटी फिरली.
मी भिंतीला.
त्याने तिनातल्या दोन वायरी अदलाबदल केल्या,
"इतकंच," म्हणाला,
आणि इतकंच केल्याचे दोनशे घेतले.

एकतीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत
व्हर्नियर पुसून कपाटात ठेवले.
मुलं त्रुटी शोधायची, सर सही करायचे,
मी परीक्षानळ्या विसळायचे.
निवृत्त झाले तेव्हा मला शाल मिळाली.
व्हर्नियर मी विकत घेतला.

गुण्या चकतीला टेकवला: मधून उजेडाची फट.
बोल्ट सैल, बोल्ट घट्ट. पुन्हा सैल.
कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी कापून खाली दिली,
जास्त झाली.
सिगारेटच्या पाकिटातली चांदी बरोबर बसेल वाटलं,
आणायला गेले तर दुकानदार
पाकीट हातात धरून बघतच राहिला:
"बाय, केन्नासावन?"

गुण्या बसला. पाणसळ मात्र ऐकेना.
बुडबुडा एका बाजूला जाऊन रुसलेला.
फरशीवर आडवी झाले, टॉर्च दातांत.
टेबल आणि घोडी यांच्या मध्ये, बोल्टाला चिकटून,
आठ पदरी कागद, तेलाने काळा, कातड्यासारखा.

उलगडला. रोमी अक्षरं, सुताराची जाड पेन्सिल:
लांबी पाच फूट एक. खांद्याला सोळा इंच.
साग नको, फणस.
बुधवार, चार वाजता.
नाव नव्हतं.
गावात सगळ्यांना ठाऊकच असणार
बुधवारी चार वाजता कोण.

मी बराच वेळ तशीच पडून होते.
पाठीला फरशी गार लागत होती.

मग त्या जागी मडगावची पितळी पट्टी दिली,
जाडी छापलेली, व्हर्नियरने पुन्हा मोजलेली.
बुडबुडा मधोमध आला.
फणसाची फळी घेतली, चालवली.
पिवळा भुसा, गोडसर वास,
आणि फळी डावीकडे गेली.

कागदाचा दोष नव्हता तर.

शेवटी गाईडची सागवानी पट्टी पुसताना सापडलं:
एका जागी लाकूड झिजून खोलगट,
गुळगुळीत, बशीसारखं.
अंगठा ठेवला. माझा त्यात सैल बसला.
तिथे दाबून धरलं, फळी पुढे लोटली.
सरळ गेली. सुतात.

म्हणजे त्याने मशीन कधीच नीट केलं नव्हतं.
रोज, प्रत्येक फळीला,
तो नुसता हात देत होता.

दोन स्क्रू होते. मागचं टोक दीड मिलिमीटर सरकवलं.
मला सरकवावंच लागलं;
माझ्या अंगठ्यात तेवढी वर्षं नाहीत.
आता कुणीही फळी लावावी, सरळच जाते.
कागद त्याच्या जुन्या घड्यांनी आपसूक मिटला.
व्हर्नियरच्या पेटीत, मखमलीखाली ठेवलाय.

रविवारी मिसाहून आल्यावर एस्पेरांसबायचा फोन.
तांदूळ, गुडघे, लिस्बनचा धाकटा.
मग थांबून,
"अजून ओडटा गो तें?"

मी गाईडकडे पाहिलं.
"ओडटा," म्हटलं. "मातशें."