एकोणीस पत्रे

बिलात पत्रे बावीस.
मी खाटेवर उताणी पडून मोजते : एकोणीस.
"ल्यापिंगमधी जातात ना, बाई," सुपडू मिस्तरी म्हणतो,
जसं काही तीन पत्रे
एकमेकांच्या कुशीत झोपलेत.

वैशाखातलं ते वादळ
सावद्याच्या केळी आडव्या करत आलं,
माझं छप्पर मागच्या गल्लीत ठेवून गेलं.
त्यानं निदान ॲडव्हान्स घेतला नव्हता.

काल भांडायलाच गेले मिस्तरीच्या घरी.
वर निळी ताडपत्री, तिच्यावर दगड.
"लोकांची कामं आधी," त्याची बायको म्हणाली.
अर्धा चहा प्याले.
उंबऱ्यातून वळून म्हटलं : तीन पत्रे.

रात्री पुन्हा वारा सुटला.
वायसर नसलेले हुक कुरकुरले.
मी मोजायला लागले,
पत्रे नाही,
त्याचे दगड.
सातापर्यंत आठवले.