तीन सिंहांचं पाकीट

मंद्रूपच्या शिवारात
आमचा दोघांचा बांध एक.
रेवणसिद्धप्पा राज्यपाल झाला
तेव्हा मी तिफणीला चाडं बांधत होतो.

आधी सोसायटी, मग झेडपी, मग मुंबई.
धोतर तेच,
इस्त्री तेवढी कडक होत गेली.

तिकडून पाकीट यायचं, वर तीन सिंह.
पोस्टमन चपला काढून द्यायचा.
आत दोनच ओळी:
'मालदांडी पोटऱ्यात आली का?
पाखरं राखायला कोण?'

मी उत्तर धाडलं नाही.
सत्त्याहत्तर साली त्यानं बांध
नांगराच्या एका तासाएवढा
माझ्याकडं सरकवला होता.

परवा मुदत संपवून आला.
गाडी सडकेवर सोडून
अनवाणी काळ्या रानात शिरला,
हद्दीचा दगड उपटला,
मूळ जागी पुरला.

'सही कर,' म्हणालो.
हसला नाही.
चिखलाचा अंगठा
माझ्या सदऱ्यावर उठवला.