ओ

तुर्की भाषेत तो, ती, ते असा भेद नाही.
बाप, बायको, खेचर, चंद्र,
सगळ्यांना मिळून एकच अक्षर: ओ.

पहाटे नेझाहतचा फोन.
"ओ..." म्हणाली, मग नुसते हुंदके,
"रात्रीच संपलं रे सगळं. हाल नाही झाले."
आणि डोंगरात रेंज गेली.

सेलामीनं सामसुनहून मिनीबस काढली.
शेजाऱ्याचा काळा कोट मागून घेतला,
बाह्या चार बोटं लांब.
सात वर्षं बोलला नव्हता बापाशी,
हेझलनटच्या बागेतल्या एका बांधापायी.
समुद्र डाव्या हाताला ठेवून
तो स्टिअरिंगला सांगत राहिला
जे सांगायचं राहिलं होतं ते;
गिरेसुन येईस्तोवर पाठ झालं.

दारात बाप.
मांडीवर परात, हेझलनट फोडत बसलेला.
कोटाकडे बघून म्हणाला,
"कोण गेलं?"

गोठ्यात दावं नुसतंच लोंबत होतं.
नेझाहतनं एकदा दोघांकडे पाहिलं
आणि चहा टाकायला आत गेली.

पाठ केलेल्यातलं
शेवटचं तेवढं सेलामीच्या तोंडून निसटलं:
"त्याला एकदा भेटायला हवं होतं मी."

"खेचराला?"

सेलामी साखर ढवळत राहिला,
विरघळून गेली तरी.
"हो."

म्हातारा उठला. कोटाची लोंबती बाही
दोनदा दुमडली, मग दुसरी.
"गुणी होतं," म्हणाला.
"हाक मारली की ओ द्यायचं."