वाफा क्रमांक सतरा

आज सूर्य कामावर आलेला नाही.
अहमदीवर आभाळ इतकं खाली उतरलंय
की टेकाडावरच्या तेलाच्या टाक्या
टोपरं घातलेल्या बाळांसारख्या दिसतात.
मी मफलर गुंडाळून निघालोय
जानेवारीच्या बिलाचे फोटो काढायला:
वाफे चाळीस, रोपं अकरा हजार,
दर वाफ्याचे फोटो तीन,
एक लांबून, एक जवळून, एक पाटीसकट.

कंपनीचा नियम साधा आहे.
फोटोत माणूस दिसता कामा नये.
नळी नको, घमेलं नको,
कडेला कुणाची काढून ठेवलेली चप्पल नको.
फुलं जणू आपली आपण उगवली
आणि आपली आपण रांगेत उभी राहिली.

गेल्या महिन्यात ऊन होतं लख्ख.
बारा फोटो परत आले.
शेरा: सावली दिसते.
माझीच होती ती,
पिटूनियावर आडवी पडलेली,
मान थोडी वाकडी, कोपर बाहेर,
काहीतरी चोरायला आल्यासारखी.
मी ते बारा फोटो पुसले नाहीत.
नऊ वर्षांत या देशात
माझे एवढे फोटो कुणी काढले नव्हते.

आज सावलीला सुट्टी.
आणि काय सांगू, ढगाखाली रंग कसे बोलायला लागतात!
उन्हात डोळे बारीक करणारा झेंडू
आज सरळ बघतो.
जांभळं जांभळंच राहतं, विटत नाही.
पानावरची धूळसुद्धा
मोजून घ्यावी इतकी स्वच्छ.
मी उगाचच जास्तीचे फोटो काढले,
ज्यांचे पैसे कुणी देणार नाही.

वाफा सतरा.
सोळा संपवून नळी ओढत आलेला मोतालेब
न सांगता बाजूला सरला.
कॅमेरा वर गेला की तो
आपोआप चौकटीबाहेर जातो,
साहेब आत आले की आपण खुर्ची सोडतो तसा.

आज मात्र परत आला.
हात पॅन्टला पुसले,
टोपी काढली, पुन्हा घातली,
आमच्या दोघांच्या मोडक्या हिंदीत म्हणाला,
"भाई, एक मेरा. मगर आसमान आना मांगता."
फूल?
फूल आलं तर येऊ दे. ढग पाहिजेत.
तिकडे नोआखालीत त्याची मुलगी मानतच नाही
की इथेही ढग येतात.
विचारते, येतात तर मग
तुमचा पाऊस कुणाच्या घरी जातो?

मी गुडघे टेकले, फोन मातीलगत धरला.
आधी केशरी कॅलेंड्युला,
मग मोतालेबची हनुवटी, दोन दिवसांची दाढी,
मग आभाळ, सगळंच्या सगळं.
हसू नको म्हटलं, तर हसला.
वरचा एक दात नाही त्याला.
चार हिवाळे सोबत काढले, मला ठाऊक नव्हतं.

मे महिन्यात हे सगळं उपटतात,
मुळांसकट टेम्पोत भरतात.
त्याचेही फोटो लागतात:
रिकामा वाफा, पाटीसकट.
तेव्हा सावली चालते.
तसा नियम नाही,
पण रिकाम्या मातीकडे कोण निरखून बघतं?

संध्याकाळी ऑफिसात एकशेवीस फोटो चढवले.
स्वच्छ, निर्मनुष्य. बिल मंजूर होईल.
फक्त वाफा सतरा, फोटो दुसरा, जवळून:
पाकळीवर एक थेंब.
नळीचा की वरचा, कळेना.
मोतालेबला फोन लावला.
तो आपल्याच रंगात.
मुलगी म्हणते, ढग खोटे आहेत,
मागे चादर लावलीय.
मग थांबला.
थेंब? सतराला?
सतराला मी अजून पाणी दिलंच नव्हतं, भाई.