प्रश्न क्रमांक सतरा

सहा आठवडे वाटाघाटी चालतील, असं पत्रक म्हणतं.
तोवर कुणी जाणार नाही.
नंतर ऐंशी जण जातील.
त्याच आठवड्यात, त्याच प्रिंटरवरून
'कामावरचं स्वास्थ्य' नावाची पाहणीही निघाली:
बेचाळीस प्रश्न, एक ते पाच गुण,
आणि वर कोपऱ्यात एक पिवळं हसरं तोंड.

मी आस्थापना विभागात बसते, अर्ज मोजते.
खिडकीतून तळं दिसतं. अजून पुरतं गोठलेलं नाही,
काठाशी बर्फानं साय धरलीय
आणि मध्ये काळं पाणी हलतंय.
नोव्हेंबरात तीन वाजताच दिवे लावतो आम्ही इथे.

"सकाळी कामाला निघताना मला उत्साह वाटतो."
व्हिएनोनं पाच दिले. रायलीनं पाच.
लगद्याच्या टाकीवरच्या अख्ख्या पाळीनं पाच.
अठरा वर्षांत एवढा उत्साह मी या गिरणीत पाहिला नव्हता.
भीतीचं अक्षर असंच असतं,
गोल, नेटकं, चौकटीच्या आत.
अर्ज निनावी आहेत म्हणे.
पण ज्यांच्या रजेच्या चिठ्ठ्या वाचण्यात डोळे गेले
त्यांचा पाचाचा आकडा मला ओळखू येणारच की.

हेलसिंकीहून मानसतज्ज्ञ बाई आल्या.
पडद्यावर आलेख दाखवून म्हणाल्या,
वाईट बातमीपेक्षा बातमीची वाट पाहणं
माणसाला जास्त पोखरतं.
खोटं नव्हतं ते.
मागच्या रांगेतून आर्ने म्हणाला,
"मग आजच सांगून टाका ना."
बाई थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या,
आणि पुढची स्लाइड आली.

बुधवारी फळांची टोपली येते.
केळ्याला कुणी हात लावत नाही, लावणारा दिसतो.
आजारी तर कुणीच पडत नाही हल्ली,
खोकला आला की सायकलींच्या छपराखाली जाऊन खोकतात.
नऊच्या कॉफीला सगळे एका टेबलाशी दाटीनं बसायचे;
आता कोण कुणाशेजारी बसतं
यालाही अर्थ फुटलाय.
दोघं मिळून दुरुस्त करायचे तो पंप
आता प्रत्येक जण एकटा, आपल्या नावावर दुरुस्त करतो.
पंप आपला गळतोच आहे.

प्रश्न सतरा: "माझ्या कामाला अर्थ आहे असं मला वाटतं."
एका अर्जात चौकट रिकामी.
बाजूला समासात, पेन्सिलीनं:
"ओलावा साडेसहा टक्के लागतो.
सातावर गेला की कागद कडेनं वळतो.
काल रात्री जात होता.
जाऊ दिला नाही."

एन्सिओ. तीन नंबरचं मशीन. दुसरा कोण लिहील?
संगणक मात्र एकच आकडा मागत राहिला,
रिकाम्या चौकटीला तो शून्य धरतो.
मी काय भरलं ते कुणाला सांगितलेलं नाही.

यादी आली. एन्सिओ यादीत होता.
त्या रात्री तो ढाराढूर झोपला,
त्याची बायको बेकरीत सांगत होती,
सांगताना तिला हसू येत होतं आणि आवरतही नव्हतं.
सकाळी येऊन त्यानं रूळ पुसले, सगळे,
मागच्या, कुणाला न दिसणाऱ्या बाजूनंसुद्धा.

माझं नाव यादीत नव्हतं.
मी चार वाजेपर्यंत छताकडे बघत पडले होते.
आम्ही उरलेले जिन्यात भेटलो तर
हवामानाबद्दल बोलतो, तेही भराभर.

फेब्रुवारीत पुन्हा पाहणी. तेच प्रश्न, तेच तोंड.
तीन नंबर बंद, म्हणून अर्जाचा कागद बाहेरून मागवलाय.
गठ्ठा सोडला, वरचा अर्ज टेबलावर ठेवला.
थोड्या वेळानं त्याची कड
हळूहळू वर उचलली गेली.
मी तळहातानं दाबून धरली.
हात काढला की परत.