घट

गोडेलीव्ह मास. पहिल्या वजनपावतीवर मी
नुसतं 'गोडबाई' लिहिलं.
एवढं नाव पुरतं उच्चारायला
दारूखान्यात कुणाला सवड होती?
बेल्जम म्हटलं की आम्हाला आरसे ठाऊक,
ही तर गंजके पत्रे हुंगत फिरणारी बाई,
पंजे हमालासारखे.

त्या साली माल गेला साडेतीन टन.
फोडलेल्या जहाजाच्या बरगड्या, नांगराची साखळी,
एक अख्खं सुकाणू.
कौलाबंदरच्या गाळ्यात तिनं माणसं उभी केली,
वाकलेली, खांद्यांत मान गेलेली,
दारातून निघेनात इतकी जड.
गॅस कटरवाला युनूस वाघू म्हणाला,
ह्यांना आधी कुणी चहा तरी पाजा.
ती हसली नाही.
बाप, म्हणाली. खान में. कोयला.
हातानं खाली दाखवलं
आणि हात वर आणायचा विसरली.

तिकडे म्हणे ती चर्चसाठी संत घडवायची,
ओल्या मातीत, झग्याच्या चुण्यांसकट.
फोटो दाखवला एकदा. चुण्या सुंदर होत्या.
तसं म्हटलं मी, तर
फोटो उलटा करून त्यावर तिनं कपबशी ठेवली.

पुढची पानं:
नऊशे किलो. चारशे दहा.
मधे दोन वर्षं कोरी
(नवरा वारला की सोडून गेला?
युनूसला एक सांगितलं, मला दुसरं).
मग एकदम तारा, क्रेनच्या, लिफ्टच्या,
पीळ उसवून एकेरी केलेल्या.
आता माणसं नुसती रेघांची,
खाडीकडून वारा आला की गुणगुणायची.
शेजारचे गाळेवाले तक्रार घेऊन आले
आणि तिथंच बसून राहिले.

शेठ कुरकुरायचा, गिऱ्हाईक सुकत चाललंय.
मला वाटायचं, बाईचे हात थकले.
थकलेच होते, सांधे सुपारीएवढे.
पण शेवटच्या खेपेला
एकच पत्रा घेतला तिनं, पुरुषभर उंच.
काट्यावर चढवला. लिही.
एकशे ब्याऐंशी.
मग त्यातून एक माणूस कापून काढला,
खडूची रेघ तिची, ज्योत युनूसची.
वाकलेला नव्हता तो. मान वर.
तुकडा बाजूला सारून
भोक पडलेला पत्रा पुन्हा काट्यावर.
एकशे एकोणचाळीस.

फरक?
त्रेचाळीस, मी म्हटलं.
वहीत आम्ही त्याला घट म्हणतो.
घट, ती म्हणाली. पुन्हा म्हणाली.
मडक्यालाही घटच म्हणतात,
हे मी आपलं उगाच सांगितलं.
मातीत घालावा तसा
तिनं त्या भोकात कोपरापर्यंत हात घातला,
बराच वेळ काढला नाही.

पत्रा बोटीनं गेला. ती विमानानं.
पुढचं मला माहीत नाही.

तुकडा मात्र भंगारात घालवेना.
गाळा उठला तेव्हा हातगाडीवरून आणला,
घोडपदेवला, आमच्या जिन्याखाली.
पेपरवाला रोज पहाटे
त्याच्या खांद्याला सायकल टेकवतो.