प्रतिशब्द लिहा

पिसुर्ल्याच्या बंद मायनीपाशी
चौथीची सतरा मुलं कुंपणाच्या अलीकडे उभी केली
आणि म्हटलं, हं, मारा आता हाक.
सोयरू गावसनं स्वतःचंच नाव ओरडलं.
खाली हिरवं पाणी, वर लाल मातीच्या पायऱ्या,
त्यांच्यावरून पाय घसरत त्याचं नाव परत आलं:
यरू… रू… ऊ.

'पडलेली साद, म्हणून पडसाद,' तो म्हणाला,
'खड्ड्यात पडली नि लंगडत आली.'
मी म्हटलं, नाही रे.
मग थोडा वेळ काहीच म्हटलं नाही.

कारण खरी हकिकत याहून फार लांबची नाही.
फार पूर्वी कुणीतरी 'प्रतिशब्द' म्हणालं,
ते बोलणाऱ्यांच्या तोंडातोंडांवर आपटत गेलं,
प्रतिचं पडि झालं, शब्दाचा सद्द,
जोडाक्षरं झडली चिऱ्याच्या कडांसारखी
आणि आपल्यापर्यंत पोचलं ते एवढंच:
पडसाद.
हाक कुणी दिली होती ते कुणालाच ठाऊक नाही.

प्रतिशब्द मात्र पोथीतून
धुतल्या कपड्यांनी परत आला,
व्याकरणाच्या वहीत नोकरीला लागला.
दोघं एकाच घरातले. वाटेत भेटले तर ओळख देत नाहीत.

हे सगळं मी सांगितलं. दोघांनी ऐकलं असेल.
बाकीची 'कितें गो?' 'कितें गो?' ओरडत होती
आणि खाण त्यांना तेच विचारत होती.

डबे सांभाळणारी प्रेमावती म्हणाली,
'बाई, डोंगर होता तेव्हा असलं काही नव्हतं हो.
हाक मारली की माट्टीच्या झाडांत मुरायची.
परत यायची ती फक्त गुरं.'

ऑक्टोबरची चाचणी. प्रश्न तिसरा, प्रतिशब्द लिहा.
पहिलाच शब्द: डोंगर.
पर्वत. गिरी. पर्वत. पर्वत.
एकीनं अद्री, वेलांटी चुकवून.
सोयरूनं लिहिलंय, खाण.

लाल पेनाचं टोपण काढून
मी केव्हाची बसले आहे.
बाकीचे पेपर तपासून झाले.
याची बेरीज तेवढी
पेन्सिलीनं केली आहे.